थकलेली भिशी आणि प्रभुभोजनाचे मेज: एका मराठी मंडळीतील प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कशासाठी

पाळकाकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूकडे, विश्वासाचे प्रश्न येतात ते आजारपणात आणि मरणात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात आठवड्याच्या मधल्या दिवसांत दारावर येणारे बहुतेक प्रश्न पैशाचे असतात: हातउसने, जामीनकी, वाटणी, थकलेले हप्ते. एकाच मेजावर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घेणारी दोन माणसे एकमेकांचे देणेकरी आणि घेणेकरी असली, म्हणजे पाळकाने नेमके काय करायचे आणि काय करायचे नाही, हे या प्रकरणातून मांडण्याचा प्रयत्न आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, कर्जाला कर्जच राहू दिले पाहिजे. त्याचे पाप करून ते व्यासपीठावर नेऊ नये आणि दान करून ते दडपूनही टाकू नये. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि रकमा यांत बदल केले आहेत. हिशेबाचा आराखडा आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

ही मंडळी नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, काम सुरू केल्यानंतर या भागात शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे उभी राहिली आणि तिथल्या नोकऱ्यांवर ख्रिस्ती घरांच्या पिढ्या वाढल्या. त्या नोकऱ्या आता आटल्या आहेत. त्यामुळे रविवारच्या उपासनेत निवृत्तिवेतनावर जगणारी जुनी घरे आणि साखर कारखान्यातील हंगामी कामावर, शिवणकामावर किंवा रोजंदारीवर जगणारी तरुण घरे शेजारी शेजारी बसतात. आडनावे आणि नातीगोती तीच असली, तरी महिनाअखेर दोघांची सारखी नसते.

महिला मंडळातील वीस जणींची एक भिशी होती. दरमहा प्रत्येकीचे २,००० रुपये, महिन्याची रक्कम ४०,००० आणि मुदत वीस महिने. दुसऱ्या रविवारी उपासना संपली की चर्चच्या आवारातील चिंचेखाली चिठ्ठ्या टाकल्या जात आणि जिची चिठ्ठी निघेल तिला त्याच दिवशी पैसे मिळत. भिशी चालवणाऱ्या बाई मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सगळी मंडळी त्यांना मावशी म्हणते, म्हणून येथेही तसेच म्हणतो. प्रथेप्रमाणे पहिल्या महिन्याची रक्कम त्यांनी स्वतः घेतली होती. भिशी मंडळीची नव्हती, तिची नोंद मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाच्या कोणत्याही कागदात नव्हती. पण चिठ्ठ्या काढण्याची आठवण मात्र उपासनेतील सूचनांमध्ये, प्रार्थनासभा आणि गायनवृंदाच्या सरावाच्या सूचनांच्या जोडीने, वर्षानुवर्षे वाचली जात असे.

या भिशीत एक तरुण सभासद होती. तिला ताई म्हणू. नवरा कारखान्यात हंगामी कामगार, ती स्वतः शिवणकाम करणारी, थोरली मुलगी खासगी संस्थेत परिचर्येचे शिक्षण घेणारी. भिशी नोव्हेंबरात सुरू झाली. मार्चमध्ये, म्हणजे पाचव्या महिन्यात, ताईची चिठ्ठी निघाली आणि ते ४०,००० रुपये मुलीच्या थकलेल्या फीमध्ये गेले. जुलैपर्यंत, म्हणजे नऊ महिने, तिने हप्ते भरले. ऑगस्टपासून ते थांबले. राहिलेले अकरा हप्ते, म्हणजे २२,००० रुपये, तिच्याकडून येणे होते.

अडचण कशी उघड झाली

मावशींची वही म्हणजे शाळेत मिळते तसले लांबट, जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर. डाव्या बाजूला वीस नावे, वर महिने, प्रत्येक चौकटीत निळ्या शाईने ‘जमा’ आणि त्याखाली देणारीची सही किंवा आद्याक्षर. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांत ताईच्या ओळीतही ‘जमा’ असेच लिहिलेले होते, पण खाली सही नव्हती. हे पैसे मावशींनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून घातले होते आणि कोणालाही सांगितले नव्हते. पोर अडचणीत आहे, हंगाम सुरू झाला की देईल, एवढाच त्यांचा विचार होता.

नोव्हेंबरात मावशींच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च निघाला आणि त्यांना ते जमले नाही. त्या महिन्यात जिची चिठ्ठी निघाली तिच्या हातात ३८,००० रुपये पडले. दोन हजार कुठे गेले, असे तिने सगळ्यांसमोर विचारले, वही मागितली गेली आणि बिनसहीच्या तीन चौकटी सर्वांनी पाहिल्या. पहिला संशय ताईवर नव्हे, तर मावशींवर आला. चाळीस वर्षे ज्यांनी गावातल्या लेकरांची नाळ कापली त्यांच्यावर, हे नमूद केले पाहिजे, कारण पुढे मावशींच्या वागण्यात जो ताठरपणा आला तो त्या दुपारपासूनचा आहे.

खरे काय ते कळल्यावर सगळा रोख ताईकडे वळला. तोपर्यंत ती उपासनेला यायची बंद झाली होती. मुलीच्या हातात नवा मोबाईल कोणीतरी पाहिला होता. “हप्त्याला पैसे नाहीत, मोबाईलला आहेत,” हे वाक्य आठवडाभरात इतक्या जणांच्या तोंडून ऐकू आले की ते मूळ कोणाचे हे सांगता येणार नाही. डिसेंबरचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा रविवार, जवळ आला होता आणि त्यामागोमाग नाताळ. भिशीतल्या काही जणी, त्यांचे पती आणि दोन पंच माझ्याकडे आले. त्यांची मागणी तीन गोष्टींची होती: व्यासपीठावरून नाव घेऊन समज द्यावी, महिला मंडळाच्या यादीतून नाव कमी करावे आणि देणे फिटेपर्यंत प्रभुभोजन देऊ नये. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील कोणाच्याही ऋणात राहू नका हे वचन त्यांनी सोबत आणले होते.

पहिला निर्णय: हे मंडळीचे प्रकरण आहे का

सचिवांचे मत होते की भिशी खासगी आहे आणि पाळकसाहेबांनी त्यात पडू नये. या मताला वजन होते. पाळक एकदा हिशेबात शिरला की पुढच्या प्रत्येक उसनवारीत त्याला ओढले जाते. पण चिठ्ठ्या चर्चच्या आवारात निघत होत्या, सूचना उपासनेत वाचली जात होती आणि नव्या सुनांना या भिशीवर भरवसा वाटला तो मावशींइतकाच त्या आवारामुळे. अशा वेळी हात झटकणे प्रामाणिकपणाचे ठरले नसते. म्हणून आम्ही एक मधली रेघ आखली: पैशाची जबाबदारी मंडळी घेणार नाही, पण माणसांना एकत्र बसवण्याची जबाबदारी घेईल.

मंडळीतील एका वकील सभासदाशीही याच टप्प्यावर बोलणे झाले, कारण एका घराने पोलिसांत तक्रार देण्याची भाषा सुरू केली होती. १९८२ च्या चिट फंड कायद्यानुसार राज्य सरकारची पूर्वपरवानगी आणि नोंदणी यांशिवाय चिट चालवता येत नाही. गावोगावच्या घरगुती भिश्या या चौकटीबाहेरच, एकमेकींच्या शब्दावर चालतात. तक्रार झाली तर पहिला प्रश्न थकबाकीदाराला नव्हे, तर भिशी चालवणाऱ्या बाईला विचारला जाईल, हे वकिलांनी स्पष्ट केल्यावर तो विषय मागे पडला. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौलाने विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना न्यायालयात खेचण्याबद्दल जे लिहिले आहे, त्याचा उल्लेखही कोणी केला; पण खरे सांगायचे तर लोक थांबले ते पौलामुळे नव्हे, कायद्यामुळे.

घरभेट

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम सरळ सांगितला आहे: ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्याने आधी एकट्याने जाऊन बोलावे, मग एकदोघांना घेऊन, आणि मंडळीपुढे सर्वांत शेवटी. आमच्याकडे हा क्रम नेमका उलटा चालू झाला होता. अख्ख्या मंडळीला माहीत होते आणि ताईशी मात्र कोणी बोलले नव्हते. म्हणून आधी मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, “मी गेले तर तिला वाटेल वसुलीला आले. आणि खरं सांगू का पाळकसाहेब, मला आता तिच्याकडं बघायचंही नाही.” तेव्हा पाळकीणबाई आणि मी संध्याकाळी गेलो.

ताईने दार उघडले, बसायला सतरंजी घातली आणि काही विचारायच्या आत कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात कर्जाच्या कंपन्यांची दोन पासबुके होती, मोबाईलच्या हप्त्याची पावती होती आणि संस्थेच्या फीच्या पावत्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या दोन गटकर्जांचे हप्ते महिन्याला २,१५० आणि १,९०० रुपये, मोबाईलचे १,१०० आणि भिशीचे २,०००, एकूण ७,१५०. गळीत हंगामात घरात महिन्याला साधारण १९,००० येत. हंगाम संपल्यावर शिवणकाम धरून ११,०००. मुलीच्या वर्गाच्या सूचना आणि अभ्यासाचे साहित्य मोबाईलवरच येई, म्हणून तो घेतला होता.

येथे थोडे थांबून हा हिशेब पाहिला पाहिजे, कारण ‘उधळी’ किंवा ‘बेजबाबदार’ या शब्दांखाली नेमका तोच झाकला जातो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातलेल्या नियमांनुसार वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असे विनातारण कर्ज देताना त्या घराच्या सर्व कर्जांची मासिक परतफेड मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नये, अशी मर्यादा आहे. ताईचे दोन गटांचे आणि मोबाईलचा असे हप्ते मिळून ५,१५० होतात. बिगरहंगामी ११,००० च्या मानानेसुद्धा ते निम्म्याच्या आतच बसतात. भिशी मात्र कोणत्याही पतअहवालात दिसत नाही. तिचे दोन हजार मिळवले की तेच प्रमाण ६५ टक्क्यांवर जाते. कंपनीचा माणूस ठरल्या वाराला दारात येतो आणि एकीने हप्ता चुकवला तर गटातल्या बाकीच्या जणी तिच्या दारी येऊन बसतात. भिशीचे असे काही नाही, तिथे मावशी असतात. ज्या देण्यात माया होती तेच देणे सर्वांत आधी थकले, यात मला आश्चर्य वाटले नाही.

मंडळीच्या दीनसाहाय्य निधीतून काही करता येईल का, असे पाळकीणबाईंनी सहज विचारले. ताई म्हणाली, “ते घेतलं तर मी पुन्हा महिला मंडळात कशी बसू? पैसे घेतलेत, देणार आहे. फक्त एकदम नाही जमत.” नवरा दुसऱ्या पाळीला गेला होता, त्यामुळे तो या बोलण्यात नव्हता. याकडे पुढे पुन्हा येईन.

समोर असलेले पर्याय

डिसेंबरच्या सुरुवातीला पंचमंडळाची जी बैठक झाली तिच्यात चार मार्ग चर्चेला आले.

पहिला मार्ग दीनसाहाय्य निधीतून २२,००० रुपये भरून विषय मिटवण्याचा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण दर रविवारी ऋणकऱ्यांना ऋण सोडल्याचे म्हणतो, तेव्हा मंडळीने एकदा तरी ते करून दाखवावे, असे एका ज्येष्ठ पंचांचे आवाहन होते. ते ऐकायला चांगले होते. परंतु ऋण सोडण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याला असतो. पंचमंडळाने दवाखान्यासाठी आणि अंत्यविधीसाठी लोकांनी टाकलेल्या पैशातून भिशीवाल्यांचे येणे चुकते केले, तर कोणी काहीच सोडलेले नसते, फक्त खिसा बदललेला असतो. शिवाय ताईनेच ते नको म्हटले होते. तिच्या इच्छेविरुद्ध तिला दीन ठरवणे हाही एक प्रकारचा अपमानच झाला असता.

दुसरा मार्ग शिलाई यंत्राचा. ताईकडे पायडलचे आणि त्याला नंतर मोटार बसवलेले यंत्र होते. देणे फिटेपर्यंत ते मावशींच्या घरी आणून ठेवावे, म्हणजे “तिला जाग येईल,” असे एका सभासदाने सुचवले. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे, असे सांगितले आहे आणि त्याच अध्यायात पुढे, घेणेकऱ्याने गहाणवस्तू आणण्यासाठी देणेकऱ्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, अशीही आज्ञा आहे. बैठकीत मी एवढाच भाग वाचला आणि त्यावर काही बोललो नाही. यंत्राचा प्रस्ताव मांडणाऱ्यानेच तो मागे घेतला. संपूर्ण प्रकरणात शास्त्रवचनाने थेट निर्णय फिरवला असा हा एकच प्रसंग, आणि तो घडला याचे कारण माझ्या मते हे की ते वचन ताईच्या वागण्याबद्दल नव्हते, आमच्या वागण्याबद्दल होते.

तिसरा मार्ग म्हणजे मी जामीन राहावे. दोन्ही बाजूंना तो पसंत होता, कारण त्यामुळे ताईला मुदत मिळाली असती आणि बाकीच्यांना खात्री. मी नकार दिला. नीतिसूत्रांत परक्याच्या कर्जाला जामीन राहण्याविरुद्ध इशारे आहेतच, पण माझे कारण अधिक साधे होते: हप्ता चुकला तर मी दर महिन्याला ताईच्या दारात वसुलीसाठी उभा राहिलो असतो आणि त्यानंतर त्या घरात आजारी माणसासाठी प्रार्थना करायला कोणत्या तोंडाने गेलो असतो? हा नकार काही जणांना आवडला नाही. पाळकसाहेब उपदेश करतात, सही करत नाहीत, असे बोलले गेले.

चौथा मार्ग देणे आहे तसेच ठेवून त्याची फोड करण्याचा. तो पुढे आला एका निवृत्त शिक्षिकेकडून, ज्या भिशीत नव्हत्या.

व्यासपीठ आणि मेज

प्रभुभोजन नाकारण्याची मागणी मी सर्वांत आधी बाजूला ठेवली. शिस्तीची कारवाई पाळकाने एकट्याने, तक्रार ऐकल्याच्या आठवड्यात करायची नसते; तिला पंचमंडळापुढील रीतसर चौकशी लागते. आणि येथे चौकशी करण्याजोगा अपराध कोणता होता? पैसे बुडवण्याचा हेतू दिसत नव्हता, खोटे बोलणेही नव्हते. होती ती लाजेपोटी धरलेली चुप्पी. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी असे म्हटले आहे. शेजारणीची परीक्षा करायला तिथे सांगितलेले नाही.

त्या रविवारी मी कर्ज, प्रामाणिकपणा किंवा क्षमा यांपैकी कशावरही उपदेश केला नाही. नाताळापूर्वीच्या आगमनकाळासाठी नेमलेला यशयातील उतारा घेतला आणि त्यालाच धरून राहिलो. यामागे विचार होता. लहान मंडळीत पाळक कोणत्याही वचनाला हात घालतो तेव्हा ऐकणारे मागे वळून पाहतात की हे कोणासाठी चालले आहे. क्षमेवर बोललो असतो तर भिशीवाल्यांना वाटले असते की आपल्यालाच सुनावले. ऋणावर बोललो असतो तर अनुपस्थित बाईवर तिच्या पाठीमागे खटला चालवल्यासारखे झाले असते. प्रश्न मिटेपर्यंत त्या प्रश्नावर व्यासपीठ गप्प ठेवायचे, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. तरुण पाळकांना तो पळपुटेपणा वाटतो. चर्चा करून पाहावी.

तोडगा

शिक्षिकाबाईंनी मांडलेला हिशेब असा होता. भिशी मोडायची नाही. उरलेल्या आठ महिन्यांत, म्हणजे तेराव्यापासून विसाव्यापर्यंत, जिची चिठ्ठी निघेल तिला ३८,००० मिळतील आणि तिचे २,००० ताईकडून येणे म्हणून लिहिले जातील. अशा आठ जणींचे १६,००० आणि मावशींनी आधी घातलेले ६,००० मिळून २२,००० पुरे होतात. ताईने जानेवारीपासून, म्हणजे हंगामाचा पगार हातात येऊ लागल्यावर, महिन्याला १,००० द्यायचे. अशा रीतीने सगळ्या मंडळीच्या अंगावर येणारे एक मोठे देणे नऊ माणसांच्या नऊ लहान देण्यांत वाटले गेले आणि प्रत्येकीला आपले किती, कोणाकडून आणि साधारण कधी हे कळले.

ही बैठक ताई आणि तिचा नवरा यांच्यासह मावशींच्या पडवीत झाली. दोन ठिकाणी ती अडली. एका बहिणीचे म्हणणे होते की बँकेत ठेवले असते तर व्याज मिळाले असते, तेव्हा दोन हजारांवर काही तरी वरकड मिळावे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील आपल्यातल्या गरिबाकडून व्याज न घेण्याची आज्ञा तेथे सर्वांना ठाऊक होती. तरीही तो मुद्दा आज्ञेने सुटला नाही, मार्चमध्ये तिने स्वतःच ताईकडून पाच पोलकी फुकट शिवून घेतली होती हे मावशींनी आठवून दिल्यावर सुटला. दुसरी अडचण अधिक खरी होती. भिशीतल्या एका विधवा बहिणीची चिठ्ठी अजून निघायची होती आणि तिला घराच्या पत्र्यांसाठी पुरे ४०,००० लागणार होते. दोघींनी प्रत्येकी एक हजार घालून तिची रक्कम पुरी करायची आणि तिच्या वाट्याचे येणे आपल्या नावावर घ्यायचे ठरवले. त्यामुळे यादीतले एक नाव गेले आणि दोन आली.

परतफेडीचा क्रम ठरवताना मावशी म्हणाल्या, “माझे शेवटी.” एवढे एकच वाक्य त्या ताईकडे पाहून बोलल्या. साध्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, ताईच्या नवऱ्याचीही. कागद आणि नवी वही शिक्षिकाबाईंकडे राहिली, कारण त्यांचे त्यात काहीच येणे नव्हते. मी सही केली नाही. सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थना केली, मधल्या वेळात बहुतेक ऐकले.

पुढे काय झाले

ताईने जून अखेरपर्यंत नेमाने हप्ते दिले. जुलै आणि ऑगस्टचे चुकले. मात्र दोन्ही वेळा तिने महिन्याच्या आधी शिक्षिकाबाईंना कळवले आणि यावेळी वहीत ‘बाकी’ असे स्पष्ट लिहिले गेले. ठरलेल्या मुदतीपेक्षा काही महिने उशिरा देणे फिटले. मधेच एका बहिणीने आपले दोन हजार सोडून दिले आणि कोणाला कळू नये म्हणून वहीत ‘मिळाले’ असे लिहा, अशी विनंती केली. शिक्षिकाबाईंनी नकार दिला. न मिळालेले मिळाले म्हणून लिहिण्यामुळेच तर हे सगळे सुरू झाले होते. शेवटी त्या चौकटीत ‘सोडले’ असा शब्द आणि सही आहे.

ताई नाताळाच्या उपासनेला आली नाही. पुनरुत्थानाच्या सणाला आली आणि मागच्या बाकावर बसली. आता ती नियमित येते, पण महिला मंडळात अजून गेलेली नाही. मावशी आणि ती एकमेकींशी बोलतात, पूर्वीसारखे नाही. तक्रार घेऊन आलेल्यांपैकी एक कुटुंब दुसऱ्या मंडळीत गेले. मी कमकुवत आहे असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी मला तोंडावर सांगितले, ही त्यांची चांगली बाजू. भिशी विसाव्या महिन्याला पुरी झाली. नवी सुरू झाली नाही. काही जणींनी मिळून बँकेत खाते असलेला बचत गट केला. त्यात रक्कम लहान आहे आणि कर्ज कोणी किती घेतले हे सगळ्यांना दिसते.

आता वेगळे काय करता येईल

घरभेट नवरा घरी असेल अशा वेळी ठरवायला हवी होती. ताईची बाजू तिच्याच तोंडून ऐकायची म्हणून आम्ही त्याची वाट पाहिली नाही, पण परिणाम असा झाला की घरातल्या दोन्ही गटकर्जांचा पूर्ण आकडा नवऱ्याला पहिल्यांदा मावशींच्या पडवीत, चारचौघांत कळला. देणे फिटले तरी त्या घरात त्यानंतर कित्येक महिने त्याची किंमत मोजली गेली. दुसरे असे की भिशी बायकांची, अडचण बायकांची आणि पहिली चर्चा मात्र पंचमंडळात, जिथे बहुतेक पुरुष बसतात. खरा तोडगा एका बाईने दिला आणि तो एका बाईच्या पडवीत ठरला. पंचमंडळाला वगळून आधी तीच बैठक घेतली असती तर यंत्र उचलून आणण्यासारखी सूचना बहुधा आलीच नसती.

पंचमंडळाने त्यानंतर ठराव केला की मंडळीबाहेरच्या कोणत्याही पैशाच्या व्यवहाराची सूचना उपासनेत वाचली जाणार नाही आणि आवारात चिठ्ठ्या निघणार नाहीत. ठराव योग्यच आहे. महिला मंडळाने त्यावर विचारलेला प्रश्नही तितकाच योग्य आहे: फी भरायची शेवटची तारीख असलेल्या बाईने मग चाळीस हजारांसाठी कुठे जायचे, पुन्हा तिसऱ्या कंपनीच्या गटातच ना? त्यावर उपाय म्हणून मंडळीचा बिनव्याजी हातउसने निधी असावा, असा त्यांचा प्रस्ताव वार्षिक सभेपुढे आहे. त्या निधीचा कारभार पाळकाकडे असावा असे त्यात लिहिले आहे आणि त्या एका कलमाला माझा विरोध आहे. जामीन न राहण्याची जी कारणे होती तीच येथेही लागू पडतात. बाकीचा प्रस्ताव मला मान्य आहे. वही कोणी सांभाळायची, हे अजून ठरायचे आहे. शिक्षिकाबाईंनी वयाचे कारण देऊन नाही म्हटले आहे, आणि मावशींचे नाव सुचवणारी चिठ्ठी परवा सचिवांकडे आली, ती कोणी दिली हे त्यांनी सांगितलेले नाही.